भिंतीवरचं झाड आणि प्लॅनमधलं झाड

गोंड चित्रकलेचं नाव निघालं की 'पारंपरिक' आणि 'निसर्गप्रेरित' ही दोन विशेषणं पाठोपाठ येतात. दोन्ही खोटी नाहीत. पण बागा आणि आवारं आखून देणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा माझ्यासारख्या लोकांना ती फार सोयीची आहेत, म्हणून ती तपासून घेण्याची जबाबदारीही आधी आमच्यावर येते. गेल्या काही वर्षांत आमच्या क्षेत्रातले बरेच जण या चित्रांकडे वळले आहेत. कुणी हौसेनं रंगवतं, कुणी गृहसंकुलाच्या कुंपणभिंतीवर किंवा शाळेच्या मैदानाभोवती ती रंगवून घेतं. मीही हे चित्र शिकते आहे आणि कामाच्या धबडग्यात त्याला वेळ देते. त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलं. गोंड चित्र शिकल्यावर लँडस्केप डिझायनरचा साइट प्लॅन बदलला नाही, झाडांची यादी तीच राहिली, पाण्याची वाट तीच राहिली, तर तिनं ते चित्र शिकलेलं नाही. तिनं त्याची नक्षी उचलली, एवढंच.

आधी 'पारंपरिक' या शब्दाचं पाहू. कागदावर आणि कॅनव्हासवर आज दिसणारं गोंड चित्र जेमतेम साडेचार दशकांचं आहे, आणि त्याचा आरंभ एका माणसापाशी नेऊन दाखवता येतो. जनगढ सिंह श्याम यांचा जन्म १९६२चा. गाव पाटणगढ, आजच्या मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यातलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळमध्ये भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहत होतं. तिथल्या 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती आणि त्यांनी तरुण कलाकारांना गावोगाव धाडलं होतं. १९८१मध्ये त्यांतले काही जण पाटणगढला पोचले. एका घराच्या मातीच्या भिंतीवरचं चित्र त्यांनी पाहिलं, आणि ते काढणारा विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण, म्हणजे जनगढ, भोपाळला आला. पुढच्या आठ वर्षांत जनगढ यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात, १९८९च्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात पोचली. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवरही त्यांनी काम केलं.

जनगढ परधान होते. परधान हे गोंडांचे गाथागायक. यजमान गोंड कुटुंबांच्या दारी जायचं, बाना हे तंतुवाद्य वाजवत त्यांच्या कुळाची, राजांची, देवांची कथा गायची आणि दान घेऊन परतायचं, ही त्यांची रीत. बडा देव साजाच्या झाडात वस्तीला असतो आणि बान्याच्या सुरानं जागा होतो, अशी श्रद्धा. पण यजमानच गरीब होत गेले, तशी गाणाऱ्यांची उपजीविकाही आटली. जे गळ्यात होतं ते जनगढ यांच्या हातात उतरलं. परधानांच्या घरी भिंती आणि अंगण सजवण्याची रीत होतीच. डिगना नावाच्या भौमितिक आकृत्या बायका काढत. छुई माती, गेरू, रामरज, कोळसा, शेण हे त्यांचे रंग. पण गाथेतल्या देवांना असं चित्ररूप नव्हतं. ते देण्याचं धाडस जनगढ यांनी केलं. इथं जुनी आहे ती कथा आणि अंगणातली आकृती. या दोहोंना एकत्र आणणारं चित्र मात्र आपल्या डोळ्यांदेखत जन्मलं. लेखक उदयन वाजपेयी यांनी या शैलीला 'जनगढ कलम' असं नाव सुचवलं. मला ते अधिक न्याय्य वाटतं, कारण त्यात एका कलावंताचं कर्तृत्व नावानिशी मान्य होतं.

मराठी वाचकाला या गावाशी जोडणारा एक धागाही आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यासोबत १९३२मध्ये मैकलच्या डोंगराळ मुलखात जाऊन राहिलेले शामराव हिवाळे मराठी होते. त्या दोघांचं काम पुढे पाटणगढपर्यंत पोचलं. 'द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली' हे हिवाळे यांचं पुस्तक १९४६ सालचं, म्हणजे जनगढ यांच्या जन्माच्या सोळा वर्षं आधीचं. एल्विन पुढे ईशान्य भारतात गेले, हिवाळे मागे राहिले. एल्विन यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, हिवाळे यांच्यावर क्वचित. परधानांचा आणि आपला संबंध एवढ्यावरच संपत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे परधान आजही मोठ्या संख्येनं आहेत.

ही परंपरा इतकी तरुण आहे, हे कळल्यानं तिची किंमत कमी होत नाही. उलट शिकणाऱ्याची जबाबदारी वाढते. जनगढ यांच्यामागून पाटणगढ आणि आसपासच्या गावांतले भाऊबंद, पुतणे, मेहुणे भोपाळला आले, त्यांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांतल्या प्रत्येकानं आकार भरण्याची आपली वेगळी नक्षी शोधली. कुणी गोंदणावरून, कुणी नांगराच्या तासांवरून, कुणी माशाच्या खवल्यांवरून, कुणी दागिन्याच्या साखळीवरून. जाणकार माणूस चित्राचा हातभर तुकडा पाहूनही ते कुणाचं हे सांगतो. दुसऱ्याची नक्षी उचलायची नाही, हा त्या लोकांतला अलिखित नियम. शहरातल्या कार्यशाळांत मात्र हेच नेमकं उलटं शिकवलं जातं. एक नमुना-पत्रक हाती दिलं जातं. त्यात ठिपक्यांचे, रेघांचे, अर्धवर्तुळांचे पंधरा-वीस प्रकार असतात, हवा तो घ्या आणि हरणात भरा. ते प्रकार कुणाकुणाच्या आयुष्यातून आले आहेत, हे तिथं कुणी सांगत नाही.

लँडस्केप डिझायनरला नक्षी उसनी आणण्याची गरजही नाही. तिच्या हातात वर्षानुवर्षं एक नक्षी आहेच. जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या काँटूर रेषा. सह्याद्रीच्या उतारावर त्या एकमेकींना खेटून चालतात. आमच्या नागपूरकडे, नाग नदीच्या काठच्या सपाटीवर, त्या इतक्या लांब लांब पडतात की अख्ख्या प्लॉटमधून एकदोनच जातात. पाणी कुठून येणार आणि कुठे थांबणार, हे त्या रेषा सांगतात. माझ्या चित्रातली पानं आणि प्राणी मी याच रेषांनी भरते. गोंड चित्रकारांनी जे केलं ते माझ्या जागी उभं राहून करायचं, तर मला दुसरा रस्ता दिसत नाही.

आता 'निसर्गप्रेरित'. या शब्दामुळे गोंड चित्र म्हणजे हरीण, मोर, झाड एवढाच समज झाला आहे, आणि हे चित्रकार जणू जंगलातून कधी बाहेरच पडले नाहीत, असं वाटत राहतं. पण त्यांच्यातल्याच भज्जू श्याम यांनी भोपाळमध्ये रखवालदाराचं आणि इलेक्ट्रिशियनचं काम केलं. लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला ते गेले आणि त्यावर 'द लंडन जंगल बुक' हे चित्रांचं पुस्तक २००४ साली निघालं. त्यात बिग बेनचं घड्याळ कोंबडा झालं आहे, कारण दोघांचंही काम वेळ सांगण्याचं. जमिनीखालची रेल्वे गांडूळ झाली आहे आणि रोजची ओळखीची बस कुत्रा. या चित्रांत निसर्ग ही पाहण्याची रीत आहे. कुठलीही वस्तू काय काम करते, कुणाला धरून जगते, तिचं कुणाशी नातं आहे, हे आधी विचारायचं, मग तिला रूप द्यायचं. चेन्नईच्या 'तारा बुक्स'नं २००६मध्ये काढलेल्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' या काळ्या कागदावर हातानं छापलेल्या पुस्तकात भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांनी झाडांची रात्र रंगवली आहे. दिवसा सावली, अन्न, आसरा देण्याच्या कामात गुंतलेली झाडं रात्री आपल्या खऱ्या रूपात येतात, ही त्यामागची समजूत. झाड दिवसभर कामावर असतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच त्याची रात्रही सुचते.

बडा देव ज्यात वस्तीला असतो तो साजा म्हणजे आपला ऐन. विदर्भाच्या जंगलांत सागाच्या सोबतीला तो सगळीकडे दिसतो. पेंचला जाणाऱ्यांनी तो हजार वेळा पाहिलेला असतो, पण नजर वाघावर असते. त्याची साल काळपट राखाडी, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी. पान उलटं करून देठापाशी पाहिलं तर दोन बारीक गाठी दिसतात. ऐन ओळखण्याची ती खूण. उन्हाळ्यात तो ओका होतो आणि पावसाच्या तोंडावर पालवतो. टसर रेशमाचे किडे त्याच्या पानांवर पोसले जातात. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या कित्येक घरांना त्यातून पैसे मिळतात. काही जुन्या ऐनांच्या खोडात पाणी साठलेलं असतं, आणि कोरड्या दिवसांत ते ठाऊक असणाऱ्यांच्या कामी येतं.

हे झाड गोंड रीतीनं काढायला बसलं की काय होतं, ते सांगते. आधी बाह्यरेषा, मग सपाट रंग. इथवर सगळं सोपं असतं. त्यानंतर पेन हातात घ्यायचं. मी रोट्रिंग वापरते, नकाशे काढायचं तेच पेन. भोपाळच्या अनेक चित्रकारांच्या हातीही तेच असतं. आता खोड भरायचं. रेघ उभी ओढायची की आडवी? उभी ओढली तर ती खोडातून वर चढणारं पाणी होते, आडवी ओढली तर सालीची भेग. ठिपके दिले तर ते कोण, मुंग्या की अंडी? मुळं दाखवायची तर किती लांब, आणि ती कुणाच्या मुळांना जाऊन भेटतात? फांदीच्या टोकाला पान आहे की पक्षी? या चित्रात सावली नसते, दूर-जवळ नसतं, मागची मोकळी जागा म्हणून काही सोडून देता येत नाही. प्रत्येक बोटभर जागेत काय चाललं आहे, हे ठरवल्याखेरीज हात पुढे सरकत नाही. पुस्तकातून ऐन शिकताना मला हे प्रश्न कधी पडले नव्हते.

त्याच टेबलावर साइट प्लॅन असतो. त्यात झाड म्हणजे तीन मीटर त्रिज्येचं एक वर्तुळ आणि आत एक सांकेतिक क्रमांक. शेजारच्या तक्त्यात नाव, लावतानाची उंची, खोडाचा घेर, नग आणि दर. वर्तुळाला मूळ नसतं. त्याला ऋतू नसतो, कारण प्लॅनमध्ये बारा महिने तोच हिरवा रंग. त्यावर कोण येऊन बसतं, हे तर कुणी विचारतच नाही. मुळं कागदावर नसल्यानं मातीही विसरली जाते. आजच्या बहुतेक मोठ्या संकुलांत बाग पार्किंगच्या स्लॅबवर असते, वर मीटर-दीड मीटर माती. त्यात पाम तग धरतात, झुडपं तग धरतात, लॉन तर हमखास. ऐन, मोह, कुसुम यांना तिथं जागा नाही. म्हणून हल्ली मी कामाच्या पहिल्याच बैठकीत झाडांबद्दल बोलत नाही, आधी जमीन मागते. ज्या तुकड्याखाली तळघर नसेल, जिथली माती थेट धरणीला भिडलेली असेल असा तुकडा. आर्किटेक्ट मंडळी त्याला 'मदर अर्थ' म्हणतात. तो किती आणि कुठे, हे ठरल्यावर बाकीचं. मुळांसकट झाड काढायची सवय लागल्यामुळे हा प्रश्न माझ्या यादीत सर्वांत वर आला.

दुसरी अडचण पानगळीची. मोह मार्चच्या सुमारास पानं टाकतो, फुलतो, पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. गडचिरोलीच्या कुठल्याही गावात या दिवसांत माणसं अंधारात टोपल्या घेऊन निघतात. आमच्या ग्राहकाला त्याच दिवसांत ते झाड वाळलेलं वाटतं. 'असं झाड द्या जे नेहमी हिरवं राहील आणि कचरा करणार नाही,' ही मागणी मी इतक्यांदा ऐकली आहे की ती कुठल्या एका माणसाची मानता येत नाही. या मागणीतून काय येतं, ते रस्त्यांवर दिसतं. दुभाजकांत कोनोकार्पस, प्रवेशद्वारी फॉक्सटेल पाम, कुंपणाला ड्युरांटा. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारनं २०२३मध्ये बंदी घातली. आपल्याकडे तो अजून गाड्या भरभरून येतो. वटवाघळं मोहाच्या फुलांवर येतात, त्याचं परागीभवन करतात. बिब्ब्याला, चारोळीला, तेंदूला आपापले पाहुणे आहेत. हे सगळं ज्या आवारातून हद्दपार केलं, त्याच आवाराच्या भिंतीवर शिंगांतून झाड उगवलेलं हरीण रंगवायचं, ही गोष्ट मला आतून खुपते. भिंतीवर ज्याचा गौरव, जमिनीवर त्यालाच बंदी.

चित्रकार आणि बागरचनाकार या दोन भूमिका एकाच माणसात कशा नांदू शकतात, याचं माझ्या डोळ्यांसमोरचं मोठं उदाहरण ब्राझीलच्या रॉबर्तो बुर्ले मार्क्स यांचं (१९०९ ते १९९४). रिओमधल्या कोपाकबानाच्या किनाऱ्यावरची काळ्यापांढऱ्या लाटांची फरसबंदी ज्यांनी फोटोत पाहिली आहे, त्यांना त्यांचं काम माहीत आहे. तरुणपणी ते चित्रकला आणि संगीतासाठी बर्लिनला होते, आणि आपल्याच देशातल्या वनस्पतींचं वैभव त्यांना तिथल्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात दिसलं. त्या काळी ब्राझीलमधल्या श्रीमंतांच्या बागा युरोपी झाडांच्या होत्या. मायदेशी परतल्यावर बुर्ले मार्क्स यांनी रंग आणि आकार कॅनव्हासवरून बागेत आणले, हे सगळे सांगतात. पण ते आणण्यासाठी ते जंगलात गेले, मोहिमा काढल्या, रोपं जमवली, वाढवली, हे त्याहून महत्त्वाचं. रिओजवळच्या त्यांच्या जागेत साडेतीन हजारांवर प्रकारच्या वनस्पती जमल्या. २०२१मध्ये युनेस्कोनं ती जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली. त्यांच्या चित्रानं त्यांची नर्सरी बदलली. माझा मापदंड तोच आहे. एक फरक मात्र विसरता येत नाही. बुर्ले मार्क्स यांची चित्रभाषा त्यांची स्वतःची होती. गोंड चित्राची भाषा एका समाजाची आहे, आणि ती वापरणाऱ्यावर त्या समाजाचं देणं चढतं.

त्या समाजाकडे पाहताना आणखी एक चूक सर्रास होते. गोंड म्हणजे जंगल, एवढंच आपण जाणतो. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. जबलपूरचे राणीताल, चेरीताल, आधारताल हे गोंड राणी दुर्गावतीच्या काळाशी जोडलेले तलाव. त्यांतली काही नावं आता फक्त वस्त्यांना उरली आहेत. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, त्यांतले पुष्कळसे गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. पाणलोट कुठला, पाळ कुठे घालायची, सांडवा कुणीकडे काढायचा, खालच्या धानाला पाणी कोणत्या क्रमानं द्यायचं, हे या लोकांनी काँटूर नकाशांशिवाय, जमीन पायाखाली घालून ठरवलं. अलीकडे याच तलावांत धीवर समाजातल्या बायकांनी बेशरम हे तण उपटून काढलं, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासे परत आणले. लँडस्केप डिझाइनच्या अभ्यासक्रमांत मोगल चारबाग आणि इंग्लिश लॉन हटकून असतात. मामा तलाव मला माझ्या शिक्षणात भेटला नाही. तो अभ्यासक्रमात आणायला हवा, आणि विदर्भातल्या महाविद्यालयांनी याची सुरुवात करावी.

आवाराचा विषय निघाला की मला दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या 'भीमायन'कडे यावंच लागतं. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरचं हे चित्रकथेचं पुस्तक 'नवयान'नं २०११मध्ये काढलं. चित्रकथा म्हणजे चौकटी, हा संकेत या दांपत्यानं मानला नाही. माणसांना डब्यांत कोंडायला त्यांनी नकार दिला आणि पान डिगनाच्या वळणांनी मोकळं विभागलं. बोलण्याचे फुगेही बदलले. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, विखारी बोलणं विंचवाच्या नांगीसह. जमिनीची विभागणी हा माझा रोजचा उद्योग आहे आणि मी ती चौकोनांतच करत आले. कुंपण न घालता दोन जागा वेगळ्या कशा वाटतील, हे या पानांवर शिकायला मिळतं. पण त्या पुस्तकातला धडा आकारापुरता नाही. १९१७मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकून लावलं गेलं. त्या दिवशी गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. शहरातल्या कुठल्याही घरानं ज्याला थारा दिला नाही, त्याला बसायला एक सार्वजनिक बाग होती. आणि महाडला १९२७मध्ये प्रश्न होता एका तळ्याचा: पाण्यापाशी कुणी जायचं? ज्या चित्रकारांची कला आपण 'निसर्गप्रेरित' म्हणून भिंतीवर लावतो, त्यांनीच पाणी आणि बाग यांच्याकडे न्यायाचे प्रश्न म्हणून पाहिलं आहे. आज माझ्या क्षेत्रातल्या कित्येक सुंदर बागांत घरकाम करणाऱ्या बाईला बाकावर बसायची परवानगी नाही. डिझायनर म्हणून यात माझा हात नाही, असं मी म्हणू शकत नाही. बाक कुठे ठेवायचा, फाटकाच्या आत की बाहेर, रस्त्याच्या बाजूला एक सावलीची कड सोडायची की नाही, हे प्लॅनवर मीच ठरवते.

परक्यानं ही कला शिकावीच का, हा प्रश्न उरतो. तिला हात लावूच नये, असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या रागाला कारण आहे. वारली चित्रांचं काय झालं, ते महाराष्ट्रानं पाहिलं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकारानं ती भिंतीवरून कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांनी त्यांना जगभर नेलं, त्यांना पद्मश्रीही मिळाली. आज वारली आकृत्या सोसायटीच्या फाटकापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वारली हातांनी काढलेल्या नाहीत. गोंड चित्राला मध्य प्रदेशातून २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भज्जू श्याम यांना २०१८मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. पण मानांकन आणि पुरस्कार असूनही भिंतींची कंत्राटं, मी पाहिली तितकी तरी, चौरस फुटाच्या दरानं निघतात आणि काम नमुना पाहून रंगवणाऱ्या कुणाही रंगाऱ्याकडे जातं. खुद्द जनगढ यांचा अंत जुलै २००१मध्ये जपानमध्ये झाला. तिथल्या एका संग्रहालयासाठी काम करायला गेले असताना, घरापासून हजारो मैलांवर, त्यांनी आत्महत्या केली. चाळिशीही गाठली नव्हती. त्यांची चित्रं जगानं डोक्यावर घेतली, पण चित्रं काढणाऱ्या माणसाला सांभाळणं तेवढ्यानं साधलं नाही.

तरीही शिकू नये, असं मी म्हणणार नाही. शिकण्यानं डोळा बदलतो, आणि आमच्या व्यवसायाला डोळा बदलण्याची निकड आहे. पण शिकायचं ते परधान चित्रकाराकडे, त्याचं मानधन देऊन, त्याचं नाव घेऊन. आपण काढलेलं चित्र 'गोंड चित्र' म्हणून विकायचं नाही; ते नाव आपलं नाही. आपल्या चित्रात आपली नक्षी शोधायची. आणि आवारातली भिंत रंगवायची असेल तर ती स्वतः रंगवायची नाही. ते काम भोपाळ, डिंडोरी, मंडला इथल्या चित्रकारांना द्यायचं. त्यांना काय काढायचं ते सांगायचं नाही. त्यांना आधी जागा दाखवायची, तिथली झाडं, तिथला ओढा, आणि मग त्यांना सुचेल ते काढू द्यायचं. भिंतीवर कोपऱ्यात चित्रकाराचं नाव ठळक असावं, जसं इमारतीच्या पाटीवर आर्किटेक्टचं असतं.

तुम्ही एखाद्या सोसायटीच्या कमिटीवर असाल, शाळेच्या विश्वस्त मंडळावर असाल किंवा नगरपालिकेत उद्यानांचं काम पाहत असाल, तर एक विनंती आहे. पुढच्या वेळी 'भिंतीवर काहीतरी आदिवासी पेंटिंग करून घेऊ' असा विषय निघाला की त्याच बैठकीत आवारातल्या झाडांची यादी मागवा आणि ती मोठ्यानं वाचा. त्यात ऐन, मोह, पळस, कुसुम, चारोळी यांतलं एकही नाव नसेल, तर भिंतीचा निम्मा खर्च जमिनीकडे वळवा. ऐनाचं रोप शहरातल्या नर्सरीत बहुधा मिळणार नाही. मालकाला दिवाळीच्या आधीच सांगून ठेवा आणि किती रोपं घेणार ते लिहून द्या. ऐनाचं बी उन्हाळ्याआधी जमवावं लागतं, आणि मागणी आल्याखेरीज ते कुणी जमवत नाही.